रिसालीतला बर्फ

लग्न होऊन मी रिसालीच्या घरात आले, त्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. मी शिकवते त्या शाळेला सुट्या लागल्या होत्या. दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई फ्रिजपुढे स्टुलावर बसलेल्या, फ्रीजरचं दार उघडं आणि तोंड आत. मला वाटलं, उन्हानं चक्कर आली. धावत जाऊन मी त्यांचा दंड धरला.

"काही नाही झालं मले," त्या आतूनच बोलल्या. "थंडी आधी कुठं लागते ते पाहून राहिली. नाकाले लागते का डोळ्याले."

मी तशीच उभी राहिले. बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांनी पेपरआडून आवाज दिला, "शिल्पा, तू जा झोप. तिची कादंबरी चालू आहे."

माझ्या सासूबाई म्हणजे रत्नमाला भोयर. हिंगणघाटजवळच्या वणा नदीकाठच्या गावात जन्मल्या, लग्न होऊन भिलाईत आल्या आणि स्टील प्लांटच्या टाऊनशिप ऑफिसात क्लर्क म्हणून लागल्या. सासरे, अरुणकुमार, ब्लास्ट फर्नेसला होते. दोघं निवृत्त झाली, क्वार्टर सोडलं आणि भिलाईलाच लागून असलेल्या रिसालीत स्वतःचं घर बांधलं. ऑफिसात असतानाच आई, मी सासूबाईंना आईच म्हणते, कथा लिहीत. वर्षाकाठी एखादी नागपूरकडच्या दिवाळी अंकात यायची, इथल्या मराठी मंडळातल्या चार बायका वाचायच्या, एवढंच. कादंबरी मात्र निवृत्तीनंतरच लिहायची असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

ती कादंबरी त्यांनी भिलाईवर लिहिली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. हिंगणघाटावर लिहिली असती तरी चाललं असतं. पण त्यांच्या डोक्यात एक बाई येऊन बसली होती आणि ती राहायची हिमाचलातल्या लाहौलमध्ये. सासरी भांडून दोन दिवसांसाठी माहेरी येते, तेवढ्यात खिंडीत बर्फ पडतो, रस्ता बंद होतो, आणि आईशी फारसं न पटणारी ही मुलगी पूर्ण हिवाळा आईच्या घरात अडकते. फार पूर्वी पेपरात त्यांनी वाचलं होतं की त्या भागात हिवाळ्याचे सहा महिने असेच जायचे. तेव्हा खिंडीखालचा बोगदा नव्हता. ती बातमी त्यांच्या मनातून गेली नाही.

"पण आई, तुम्ही बर्फ पाहिलाय का?" मी विचारलं.

"उसाच्या रसातला," त्या म्हणाल्या. "तेच तर काम आहे न बाई."

त्यांनी काम तसंच सुरू केलं, ऑफिसातली फाईल चालवावी तसं. कौस्तुभकडून, म्हणजे माझ्या नवऱ्याकडून, मोबाइलवर लाहौलचे व्हिडिओ कसे शोधायचे ते शिकल्या. रोज दुपारी बाहेर गरम लू वाहत असे, कूलर घरघरत असे, आणि त्या पलंगावर बसून बर्फातली गावं पाहत. सपाट छपरं, छपरावरून बर्फ ढकलणारी माणसं, खाली गुरं आणि वर माणसं राहतात ती मातीची घरं. मोबाइलवरचा नकाशा बोटांनी मोठा करून करून त्यांनी नदीचं प्रत्येक वळण पाठ केलं. मग त्या सगळ्यांच्या मधोमध आपलं एक गाव वसवलं. त्याला नावही आपलंच दिलं, म्हणजे कुणी येऊन "आमच्या गावात असं नाही" म्हणायला नको.

थंडी मात्र मोबाइलमध्ये सापडेना. फ्रीजरनं भागलं नाही तेव्हा त्या सासऱ्यांना घेऊन धमध्याच्या रस्त्यावर एका बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजवर गेल्या. हा प्रसंग सासरे अजून रंगवून सांगतात. आईंनी सुती साडीवर दोन स्वेटर, कौस्तुभचं जॅकेट आणि कानटोपी घातलेली. बाहेर पंचेचाळीस डिग्री. तिथला मॅनेजर समजला की सरकारी तपासणीला कुणी मॅडम आल्या. त्यानं खुर्ची पुसली, लस्सी मागवली.

"मले आत बसू द्या थोडा वेळ," आई म्हणाल्या.

"कुठं?"

"बटाट्यापाशी."

मॅनेजरनं सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे म्हणाले, "बसू द्या. लिहून राहिली ती." हे ऐकून तर तो आणखीच घाबरला आणि त्यानं स्वतः आत नेऊन बसवलं. आई अर्धा तास पोत्यांच्या रांगेत बसल्या. बाहेर आल्या त्या सर्दी घेऊन, पण खूश होत्या. थंडी आधी गुडघ्यात शिरते, असा शोध लागला होता.

मसुदा मीच टाईप केला. दिवाळीपर्यंत तो पुरा झाला. मला आवडला होता, आणि तरी काहीतरी अडत होतं. पानापानावर बर्फ होता. पांढरा बर्फ, निळसर बर्फ, संध्याकाळचा गुलाबी बर्फ. मी दबकत सांगितलं, "आई, वाचताना कॅलेंडर पाहिल्यासारखं वाटतं."

त्या रागावल्या नाहीत. "मलेही तसंच वाटून राहिलं," म्हणाल्या. "पण चुकलं कुठं ते समजून नाही राहिलं."

संक्रांतीच्या दिवसांत जवळच्या उतई गावात त्यांच्या मावसबहिणीकडे हळदीकुंकू होतं. आम्ही दोघी बसनं निघालो. पुढच्या सीटवर एक बाई मोजा विणत बसली होती. गोरी, गालांवर लालसर झाक, चाळिशीच्या पुढची. मोज्यावर रंगीत लोकरीची टोकदार नक्षी उमटत होती. आईंनी माझा हात दाबला. ही नक्षी त्यांनी व्हिडिओत पन्नासदा पाहिली होती.

त्यांनी पुढं वाकून हिंदीत विचारलं, "आप लाहौल की हैं क्या?"

त्या बाईच्या सुया थांबल्या. दुर्ग जिल्ह्यातल्या बसमध्ये हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नसावा. तिनं मागं वळून आधी आईंकडे पाहिलं, मग स्वतःच्या मोज्याकडे पाहिलं आणि हसली.

तिचं नाव पलमो. नवरा सीआयएसएफमध्ये, उतईच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवायला होता. आधी बोकारो, मग विशाखापट्टणम, आता इथं. मुलगी भूमिका अकरावीत. आम्हाला हळदीकुंकवाला तासभर उशीर झाला, कारण आई पलमोबरोबर तिच्या क्वार्टरपर्यंत गेल्या आणि चहा घेऊनच परतल्या.

त्यानंतर दर आठवड्याला उतईची फेरी ठरली. कधी मीही जात असे. दोघींचं बोलणं हिंदीत चालायचं, मी इथं मराठीत सांगते आहे. पलमोला वाटलं होतं, या बाई सणवार, देवळं, लग्नाच्या चालीरीती विचारतील. आईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "सकाळी जाग आल्यावर पहिला आवाज कशाचा येतो?"

पलमो विचारात पडली. "आवाज नसतो," ती म्हणाली. "बर्फ पडला असेल तर काहीच ऐकू येत नाही. त्यावरूनच कळतं, रात्री पडला."

"ओले जोडे कुठं काढता?"

"तंदूरजवळ, घर तापवायची शेगडी असते ती. पण फार जवळ नाही, चामडं तडकतं. त्यावरून घरात रोज भांडण."

"घरात सगळे एकाच खोलीत बसलेले. कुणाशी बोलायचं नसेल तर कुठं जाता?"

पलमो हसायला लागली. "गुरांपाशी. खाली जायचं. आई विचारते, काय करतेस, म्हणायचं गाईला पाहते."

ते ऐकून आईंचा चेहरा असा उजळला की मला बसमधून घरी येईपर्यंत त्याचंच हसू येत होतं. बटाट्याच्या पोत्यांनी हे सांगितलं नसतं.

पलमोला सगळंच आठवायचं असं नाही. गाव सोडून तिला वीस वर्षं होऊन गेली होती. हिवाळ्यासाठी लाकडं कधी रचायला घेतात यावर ती अडली की गावी स्वतःच्या आईला फोन लावायची. फोन स्पीकरवर असायचा, मायलेकी आपल्या बोलीत भराभरा बोलायच्या आणि आई त्या आवाजाचे चढउतार कान देऊन ऐकत बसायच्या. भूमिका शेजारच्या खोलीत अभ्यास करत असे. तिला या चौकशांचा कंटाळा येई. एकदा मला म्हणाली, "दीदी, मी तिथं फक्त मे-जूनच्या सुटीत गेलेय. तेव्हा नुसती हिरवी शेतं असतात. मम्मी सांगते त्यातलं काहीच मी पाहिलं नाही."

मार्चमध्ये आईंनी मसुद्यातली पहिली चार प्रकरणं पलमोला वाचून दाखवली. मराठी वाक्य पुटपुटायच्या आणि लगेच हिंदीत सांगायच्या. पलमो सुया चालवत ऐकत होती.

"छान आहे दीदी," वाचन संपल्यावर ती म्हणाली. "पण तुमच्या गावातले लोक सारखा बर्फच पाहत असतात."

"म्हणजे?"

"आम्ही पाहत नाही. छपरावर किती साचला ते पाहतो. काढला नाही तर घर गळतं. वाट मोकळी झाली का ते पाहतो. डोंगरावर उभं राहून, वा, किती सुंदर, असं..." तिनं मान हलवली. "टूरिस्ट पाहतात. त्यांना वेळ असतो."

आईंनी घरी येऊन कागद कपाटात ठेवले. आठवडाभर त्यांनी लोणच्याच्या बरण्या धुतल्या, पडदे शिवले, कौस्तुभच्या शर्टांची बटणं लावली. उतईलाही गेल्या नाहीत. सासऱ्यांनी मला खुणेनं सांगितलं, काही विचारू नको.

एका संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो होतो. दिवस मावळला आणि प्लांटच्या बाजूचं आभाळ भट्टीच्या उजेडानं तांबडं झालं. भिलाईत ते कुणी पाहत नाही. मी जामुलची, सिमेंटच्या धुराड्याखाली वाढलेली; मला तरी त्यात काय वाटणार. आईंनी मात्र एकदम सासऱ्यांना विचारलं, "तुम्ही इतके वर्ष फर्नेसवर होते. हे आभाळ कधी पाहिलं का हो थांबून?"

"कावून पाहू?" सासरे म्हणाले. "ड्यूटीवर जायाचं का आभाळ पाहत बसायचं? आमाले एकच दिसे, जास्त लाल झालं म्हणजे आपल्या शिफ्टले काम वाढलं."

"आन् माझा भाऊ आला होता हिंगणघाटून, तो?"

"तो तर जेवण सोडून पाहत बसला होता. त्याले पहिल्यांदा दिसलं न."

आई मग हळूच हसल्या. "मी माझ्या भावासारखं लिहून राहिली होती," म्हणाल्या, आणि खाली जाऊन कपाट उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून बर्फ खोडायचं काम सुरू झालं. मी टाईप केलेल्या पानांवर लाल रेघा फिरायला लागल्या. गुलाबी संध्याकाळ गेली, निळी सावली गेली. त्या जागी छपराचं फावडं आलं, तंदूरजवळच्या जोड्यांवरून भांडण आलं, गाईला पाहायच्या निमित्तानं खाली जाऊन बसणारी मुलगी आली. बर्फ कमी होत गेला तसतशी घरातली थंडी वाढत गेली, हे मी टाईप करताना अनुभवलं आहे. मला स्वेटर घालावासा वाटे, आणि बाहेर एप्रिल चालू होता.

एक प्रकरण मात्र त्यांना कितीही केलं तरी जमेना. रस्ता बंद होतो त्या दिवसाचं. पलमोला विचारलं तर ती म्हणाली, "बंद होतो म्हणजे होतो. काय सांगू?" व्हिडिओत ते नव्हतंच. व्हिडिओ काढणारे त्याआधी खाली निघून जात.

शेवटी आईंनी विचारणं सोडून दिलं आणि आठवायला सुरुवात केली. वणेला पूर आला की त्यांचं गाव दोन-तीन दिवस तुटायचं. लहान असताना त्यांनी पाहिलं होतं की रस्त्यावर पाणी चढल्याची बातमी आली रे आली की त्यांची आई, भागाबाई, घरातल्या शेजाऱ्यांच्या उसन्या वस्तू शोधायला लागायची. कुणाची चाळणी, कुणाचा तांब्या, कुणाची कात्री. सगळं पदराखाली घेऊन ती घरोघर परत करत फिरायची. गाव तुटलेलं असताना हे कशाला, असं एकदा मुलीनं विचारलं. भागाबाई म्हणाली होती, "घरी बसून काय करू? लोकाइचे तोंडं तरी पाहून येतो. जायाले काहीतरी निमित्त पायजे न."

आईंनी ती भागाबाई उचलली आणि लाहौलात नेली. अंगावर लोकरीचा लांब चोळा चढवला, डोक्याला फडकं बांधलं, आणि खिंड बंद झाल्याच्या दिवशी उसनी चाळणी परत करायला घरोघर पाठवली. एका बैठकीत प्रकरण झालं. मी टाईप करत असताना त्या मागं उभ्या होत्या. "हे खोटं नाही न वाटत?" त्यांनी दोनदा विचारलं.

"मला वाटत नाही. पण मी कुठं पाहिलंय लाहौल?"

दुसऱ्या वाचनाला मीही उतईला गेले. पलमोनं पापड तळले होते. आई वाचत गेल्या, हिंदीत सांगत गेल्या. चाळणीचा प्रसंग आला तसा पलमोनं मोजा मांडीवर ठेवला.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

आई गडबडल्या. "कुणी नाही. चुकलं का? काढून टाकते."

"मी सांगितलं होतं का?"

"नाही. माझी आई करायची असं. पुरात."

पलमो उठून गॅस बंद करायला गेली. गॅस आधीच बंद होता. परत येऊन बसली तेव्हा तिचे डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "माझी आई मीठ मागायला जायची," ती म्हणाली. "रस्ता बंद झाला त्या दिवशी. घरात पोतंभर मीठ असायचं आमच्या. तरी वाटी घेऊन प्रत्येक घरी जायची. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, लोक म्हणतील यांच्याकडे मीठ नाही. आज कळलं ती कशाला जायची."

"मग मी मीठ करू का?" आईंनी लगेच पेन काढलं. "चाळणीऐवजी?"

"नको. ही तुमची आई आहे, तिला चाळणी घेऊनच जाऊ द्या." मग म्हणाली, "वाटेत माझी आई भेटू दे तिला. वाटी घेऊन येताना."

कादंबरीत आता त्या दोघी भेटतात. अरुंद वाटेवर एक चाळणी घेऊन चालली आहे आणि दुसरी वाटी घेऊन. दोघींना एकमेकींचं निमित्त कळतं आणि दोघीही काही बोलत नाहीत. मला विचाराल तर पूर्ण पुस्तकात मला ते पान सगळ्यात आवडतं.

नागपूरच्या एका लहान प्रकाशकानं पुस्तक काढलं. मंडळाच्या हॉलमध्ये छोटासा कार्यक्रम झाला. शेवटी एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, इतकं बारीक वर्णन आहे, लाहौलला किती दिवस राहून आलात?"

"गेलेच नाही," आई म्हणाल्या.

गृहस्थांचा चेहरा पडला. "म्हणजे सगळं काल्पनिक?"

"गाव काल्पनिक आहे. माणसं उतईची आहेत, काही हिंगणघाटची," आईंनी सांगितलं आणि शांतपणे खाली बसल्या. सासऱ्यांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

पलमोनं आईंना उन्हाळ्यात गावी यायचं आमंत्रण दिलं. आईंना दम्याचा त्रास. डॉक्टरांनी एवढ्या उंचीवर जायला नको म्हटलं. त्यांना त्याचं फारसं वाईट वाटलेलं मला दिसलं नाही. "आता बोगदा झाला," त्या म्हणाल्या. "माझ्या पुस्तकातलं गाव तिथंही नसन आता."

पुढं पलमोच्या नवऱ्याच्या बदलीचे आदेश आले. निघायच्या आधी पलमो भूमिकाला घेऊन आमच्या घरी आली आणि आईंना म्हणाली, "दीदी, मला मराठी येत नाही, हिलाही येत नाही. पण हिला हे एकदा हिंदीत ऐकवा. मी सांगायला बसले की हिला वाटतं मम्मी जुनं काढून बसली."

तेव्हापासून पलमो इथून निघेपर्यंत रविवारच्या सकाळी वाचन चाललं. व्हरांड्यात चटई, मधे शेंगदाण्यांची ताटली. भूमिका पहिल्या दिवशी मोबाइल हातात घेऊनच बसली होती. छपरावरचा बर्फ काढताना मुलगी घसरते तो भाग आला तशी तिनं मान वर केली.

"मम्मी, तू खरंच छपरावर चढायचीस?"

"रोज. एकदा खालीसुद्धा पडले."

"कधी?"

पलमो सांगायला लागली. कमरेएवढ्या बर्फात ती कशी पडली, तिच्या आईनं वरूनच कशा शिव्या घातल्या, बाहेर काढायला शेजारचे कसे आले. हे तिनं आईंना कधी सांगितलं नव्हतं. आईंनी बोट पानात ठेवून पुस्तक मिटलं. भूमिका प्रश्न विचारत राहिली, पलमो हिंदीतून कधी आपल्या बोलीत शिरली ते तिला कळलंही नाही. मुलगीही मग त्याच बोलीत उत्तरं द्यायला लागली, अडखळत, मधे हिंदी शब्द घालत. पलमो तिचे शब्द दुरुस्त करत होती आणि दोघी हसत होत्या.

आईंना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं, ताटलीतले शेंगदाणे सोलून भूमिकापुढे सरकवले आणि भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. मी आतून चहा आणला तर मला हातानंच खूण केली, आवाज करू नको, ठेव तिथंच.